आमच्या घरी कुणी कुणाला विचारत नसे

आबांनी आयुष्यात कुणाला "तुम्ही कुठले?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. इकडच्या माणसाला हे सांगून पटत नाही. आमच्या मराठवाड्यात एसटीत शेजारी बसलेला माणूस तिकीट काढायच्या आधी गाव विचारतो. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की "मग ते अमुक तमुक तुमचे कोण?" पैठण गेटवरून निघालेली गाडी बिडकीनला पोचेस्तोवर दोघांचं कुठंतरी नातं निघालेलं असतं. आबा लाकडाच्या वखारीत मिस्त्री होते. दिवसभर माणसांची ये-जा. हा माणूस विचारायचा ते एवढंच, "लाकूड कशासाठी पाहिजे?"

कारण साधं होतं, पण आबा, माय आणि मी सोडून ते शहरात कुणाला माहीत नव्हतं. आबांचा जन्म काळ्या पाण्यावरचा. त्यांचे वडील जन्मठेपेचे कैदी होते आणि आईही जन्मठेपेची कैदी. काही वर्षं नीट वागलेल्या कैद्याला इंग्रज सरकार अंदमानात जमिनीचा तुकडा द्यायचं आणि बायकांच्या तुरुंगातल्या एखादीशी लग्नाची परवानगीही द्यायचं. अशा जोडप्यांना तिथंच जी मुलं झाली त्यांना सरकारी कागदात 'लोकल बॉर्न' म्हणत. आबा हा शब्द मोठ्या ऐटीत उच्चारायचे. "आम्ही लोकल बॉर्न. आमच्या नावावर गुन्हा नाही. आम्ही त्या मातीत मोकळेच जन्मलो."

पण ज्या वस्तीत प्रत्येकाचे आईबाप शिक्षा होऊन आलेले, तिथं पोरांना पहिली गोष्ट शिकवली जायची ती म्हणजे विचारायचं नाही. तुझा बाप कशासाठी आला, तुझी आई कशासाठी आली, हे तोंडातून काढायचं नाही. सहा-सात वर्षांचे असताना आबांनी एकदा शेजारच्या पोराला विचारलं होतं. त्यांच्या आईनं चुलीजवळचं जळण उचलून त्यांना मारलं, आणि मारून झाल्यावर हाताला धरून त्या पोराच्या आईपुढं नेऊन उभं केलं. त्या बाईनंही दोन दिल्या. दोघींनी मिळून मारलं म्हणून तो मार आबांच्या कायम लक्षात राहिला. तिथं नवा माणूस वस्तीला आला आणि आपण होऊन आपलं मागचं सांगायला लागला, तर त्याला थांबवायचं. "राहू दे, भाई, इथं कुणी विचारणार नाही तुला," असं म्हणायचं. त्यांच्याकडची ती सगळ्यात मोठी माणुसकी होती.

महायुद्ध संपल्यावर आबा एकटेच बोटीतून कलकत्त्याला उतरले. आईबाप तिथंच वारलेले. काही वर्षं नागपूरकडच्या वखारींत काढली आणि पोलिस ॲक्शननंतर औरंगाबादला आले. हे शहर त्यांना कसं मानवलं ते मला फार पुढं कळलं. अंदमानच्या शाळेत ते उर्दू लिपी शिकले होते आणि बोलायचे हिंदुस्तानी. दुसऱ्या कुठल्या मराठी गावात लोकांनी तोंडाकडं पाहिलं असतं. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या औरंगाबादेत उर्दू वाचणारा, मोडकं मराठी बोलणारा हिंदू मिस्त्री म्हणजे काहीच नवल नव्हतं. सगळ्यांना वाटलं, हा इथलाच. आबांनी तसं कधी सांगितलं नाही, आणि नाही असंही सांगितलं नाही.

माझी माय पैठण तालुक्यातली. आईबाप नसलेली, मामाच्या दारात वाढलेली. मामाला ती लवकर उजवायची होती, म्हणून त्यानंही फार खोलात विचारलं नाही. मायला मात्र आबांनी लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. "मला म्हन्ले, पटत नसंल तर आत्ताच नाय म्हण," ती सांगायची. "म्या म्हन्लं, मला इचारनारं हे पयलंच मानूस, नाय कशाला म्हनू?"

मी त्यांची एकुलती एक. आमच्या गल्लीतून बीए झालेली पहिली मुलगी मी, आणि आमच्या घराण्यात तर कॉलेजचं पुस्तक हातात धरणारीच मी पहिली. घराणं म्हणजे काय, तिघं जण. तरी मला त्याचा गर्व होता, अजूनही आहे. मुलींच्या शाळेत नोकरी लागली. पगाराच्या पहिल्या दिवशी आबांनी वखारीत सगळ्यांना चहा पाजला.

शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचं माहेर पाचोडचं. त्यांनी स्थळ आणलं. मुलगा पैठणला धरणाच्या कामावर ओव्हरसियर, घरची शेती, वडील नाहीत, सगळा कारभार चुलत्यांच्या हाती. शिकलेली, नोकरीवाली मुलगी हवी, हा मुलाचाच हट्ट होता. बाईंच्या घरी आम्ही दोघं एकदा बोललो होतो. मी काय वाचते ते त्यानं विचारलं आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. मी उगाच आडपडदा ठेवत नाही. मला तो आवडला होता आणि हे लग्न व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

पाहुणे रविवारी येणार होते. मला भीती होती ती आबांच्या जन्माची नव्हती. ते कुणी विचारेल असं वाटतच नव्हतं. मायकडचे पाव्हणे बाईंना माहीत होते, आबांकडचं माय सांगायची त्या "नगरकडचे, आता कुणी उरलं नाही" एवढ्यावर भागत आलं होतं. भीती उलटीच होती. सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापानं विचारायचं असतं. मूळ गाव, देवक, मामाचं कूळ, सोयरेधायरे. सगळं आधीच माहीत असलं तरी विचारायचं. न विचारणारा बाप म्हणजे एक तर मुलगी जड झालेला, नाहीतर काहीतरी लपवणारा.

म्हणून शनिवारी मी आणि माय आबांची तयारी करून घ्यायला बसलो.

"म्हणा, पाव्हणं, आपलं मूळ गाव कोणतं?"

"पाचोड. माहीत आहे की."

"माहीत आसंना का," माय म्हणाली. "इचारायचं आसतं. न्हायतर त्यांला वाटंल, पोरगी कुठंबी ढकलायलेत."

आबांनी घसा साफ केला. "पाव्हणं, आपलं मूळ..." आणि थांबले. कपाळाला घाम आलेला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, एका हातानं सागाची तुळई फिरवणारा. "और उसको नहीं बताना हो तो?"

"न सांगायला काय झालं, आबा? ते सांगायलाच येतायत."

"मग सांगतीलच. मी कशाला विचारू?"

"आवं, दात पाडायला नाय सांगितलं तुम्हांला!" माय वैतागली. "चार शब्द हायेत."

चार प्रश्न मी कागदावर उर्दूत लिहवून घेतले, त्यांच्याच हातानं. रात्री झोपेपर्यंत ते पुटपुटत होते.

रविवारी चुलते, चुलती, मुलगा आणि बाई असे चौघं आले. चुलते उंच, पटका बांधलेले, आवाज खणखणीत. आल्याआल्या दाराच्या चौकटीवर त्यांनी हात फिरवला. "मिस्त्री, काम झ्याक हाय. आमच्याकडं या एकदा, वाड्याची तुळई बसलीय." आबा खूश झाले. लाकडावर बोलणं निघालं, पोहे झाले, चहा आला. आता आबा विचारतील, म्हणून मी आतल्या दाराशी उभी. आबांचे ओठ हलताना दिसले. आवाज आला नाही.

चुलत्यांनीच मग विषय काढला. मोठेपणानं काढला. "आता आमचं सांगायचं म्हंजी, आमी मूळचे पाचोडचे नाय. आमचं वडील नदीच्या पल्याडून आले. त्या टायमाला काय झालं..."

आबांनी हात वर केला. चेहऱ्यावर इतकी माया की मला आजही ती दिसते. "राहू द्या, पाटील. सांगायची काही गरज नाही. या घरात तुम्हाला कुणी विचारणार नाही."



"काय इचारनार नाय?" चुलते म्हणाले.

"मागचं. झालं ते झालं. माणूस आज कसा आहे, तेवढं आम्ही बघतो."

चुलत्यांनी कप खाली ठेवला. "मागचं म्हंजी काय मागचं? काय ऐकलंय तुमी आमचं? कोन बोललं?"

"कुणी नाही. तसं नाही..."

"मग झालं ते झालं कशाला म्हनता? आमी काय केलंय?"

आता सांगायला हवं. पोलिस ॲक्शनच्या दिवसांत कुणी कुणाच्या घरात शिरलं, कुणी काय उचललं, कोण कुणाच्या जिवावर उठलं, हे आमच्याकडं गावोगाव माहीत असतं आणि गावोगाव त्यावर कुणी बोलत नाही. त्यांच्या घरात काय झालं होतं, झालं होतं की नव्हतंच, मला ठाऊक नाही. पण चुलत्यांच्या मानेची शीर फुगली होती. आबांनी आदरानं म्हटलं ते त्यांना तोंडावर मारलेल्या टोमण्यासारखं लागलं. आबा आणखी गोंधळले आणि गोंधळलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. तेच वाक्य पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "कुणी विचारणार नाही, पाटील! बेफिकीर राहा!"

"उठा हो," चुलती म्हणाली. "घरी बोलवून आसं बोलत्यात व्हय?"

चुलते उठले. मुलगा उठला. बाई माझ्याकडं बघायला लागल्या, डोळ्यांत पाणी. आणखी दोन मिनिटं, की ही माणसं माझ्या आबांना शिव्या घालत गल्ली उतरणार होती, आणि आबांना कळणारही नव्हतं कशाबद्दल.

मी बाहेर आले. "काका, बसा," म्हटलं. "आबांनी तुमच्याबद्दल काही ऐकलेलं नाही. ते कुणालाच विचारत नाहीत. त्यांचा जन्म अंदमानातला आहे, त्यांचे आईवडील तिथं कैदी होते, आणि तिथं माणसाला त्याचं मागचं विचारत नसत. ते तुमचा मान ठेवत होते."

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. पुस्तकातून तसंच शिकले होते. मी आबांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचं स्वतःचं, त्यांना न विचारता, मी चौघांपुढं ओतलं होतं.

चुलते हळूहळू खाली बसले. आणि हसले. आपल्यावर आलेलं टळलं, असं सुटल्यासारखं हसले. "काळ्या पान्यावरचे! मग आदी बोलायचं की, मिस्त्री. मला वाटलं, काय नि काय." गुडघ्यावर थाप मारली. आता विचारायची पाळी त्यांची होती. "वडलांनी काय केलतं?"

आबांनी पोह्यांच्या बश्या एकावर एक ठेवल्या. मग म्हणाले, "बांधाचं भांडण. कोयता चालला. मरताना आपण होऊन सांगितलं त्यांनी."

"बांधावरून व्हय? ते घरोघर हाय. आन् आईनं?"

"माहीत नाही."

"म्हंजी?"

"विचारलं नाही."

"सख्ख्या आईला इचारलं नाय?"

"आईलाच तर विचारत नाहीत," आबा म्हणाले.

चुलती इतका वेळ पदराशी चाळा करत होती. ती म्हणाली, "बाईमानसाला एवढ्या लांब धाडलं म्हंजी साधं नसंल. एक तर नवरा, न्हायतर लेकरू." आणि पुढं जोडलं, "उद्या आमच्या घरात लेकरं व्हनार. मी आपलं बोलून दाखवते."

"आईची जात कंचीबी आसू दे, जात बापाकडून धरत्यात, त्याचं आमी निभवून नेऊ," चुलते म्हणाले. त्यांच्या मते ते फार मोठ्या मनानं बोलत होते, आणि त्या काळी ते होतंही. "पन तिनं काय केलं हे कळाय पायजे. इंग्रजाचा कागद मरत नाय. कुठंतरी पडलेला असंल. पोरगी शिकलेली हाय, इंग्रजीत अर्ज करंल. कागद येऊ द्या, मग बोलू. आमी थांबतो."

जाताना मुलगा दारात क्षणभर थांबला. मला म्हणाला, "अर्ज लवकर टाका."

आबा माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत. मायनं जेवताना दोघांच्या मध्ये बसून वाढलं. मी अर्ज लिहायला घेतला. पोर्ट ब्लेअरच्या अधिकाऱ्याला, चांगल्या इंग्रजीत, एक शब्द खोडावा न लागता. आजीचं नाव, आजोबांचं नाव, लागेल तेवढी माहिती माझ्याकडं होती. फक्त तिचा जिल्हा हवा होता. चौथ्या दिवशी मी आबांना तो विचारला.

"अवधकडचा," म्हणाले, आणि जिल्ह्याचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "लिही. लग्न तुझं आहे. पण उत्तर आलं तर मला वाचून दाखवू नकोस."

मी बरं म्हटलं. ते उठले नाहीत. थोड्या वेळानं आपल्याशीच बोलावं तसं बोलायला लागले. "मला जवळ घेऊन झोपायची. पण झोपेत हात अंगावर टाकायची नाही. आपले हात ती मनगटाशी बांधून घ्यायची. साडीच्या काठानं. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच झोपतात."

मग ते वखारीत गेले. मी तिथंच बसून राहिले. जे कागदावर असणार होतं त्यातलं निम्मं मला कळलं होतं, आणि आबांना ते कधीपासून कळलेलं असावं तेही. निजेत दडपलं गेलेलं लेकरू, की दुसरं काही, हे मला सांगता येत नाही. सरकारी कागदाला तरी काय सांगता आलं असतं? त्यात एक कलम असतं आणि एक सजा असते.

अर्ज माझ्या पर्समध्ये राहिला. शाळेच्या वाटेवर पोस्ट होतं. रोज जाताना पेटीशी पाय रेंगाळायचे, रोज येताना ठरवायचे, उद्या. बाई मधल्या सुट्टीत विचारायच्या, "टाकला का गं? पाचोडहून निरोप आलाय, काकू दुसरी मुलगी बघायला निघाल्यात." मी "हो, बघते" म्हणायचे. मी, जी चौघांपुढं खरं बोलले होते.

शेवटी मी बाईंकरवी येते म्हणून निरोप धाडला आणि पाचोडच्या बाजाराच्या दिवशी सुट्टी काढली. आबांना म्हटलं, मी जाऊन सांगून येते. ते काही न बोलता टोपी घालून बरोबर निघाले.

बाजारामुळं त्यांच्या ओसरीवर आधीच चार माणसं टेकलेली होती. चुलत्यांनी त्यांना वाटेला लावलं आणि आम्हाला आत घेतलं. पाणी आलं. चुलते आत कुणाला तरी हाक मारायला गेले तेवढ्यात मुलगा माझ्याजवळ आला. त्यानं मुद्दाम रजा घेतली होती.

"कागद आला?"

"अर्जच टाकला नाही."

तो गडबडला नाही. त्यानं विचार करून ठेवला होता. "नसू दे. कागद कुणी बघणार नाही. काका तोंडी ऐकतील. चोरीचं सांगा. मालकिणीचा दागिना घेतला म्हणा. तेवढ्यावर काकूंचं समाधान होईल."

तो हे चांगल्या मनानं म्हणत होता. आमच्या दोघांसाठी म्हणत होता. एक खोटा दागिना, कुणालाही न दिसणारा, आणि सगळं जुळत होतं. मी हो म्हणायच्या अगदी बेतात आले, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही. आबा बाजेच्या कडेला बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. ते मान वर करून वाड्याच्या बसलेल्या तुळईकडं बघत होते. मला त्यांनी नको म्हणून खुणावलं नाही, की हो म्हणूनही नाही.

चुलते आले, मागून चुलती. "बोल, पोरी."

"कागद नाही, काका," मी म्हटलं. "मी मागवलाच नाही आणि मागवणारही नाही. आजीनं काय केलं ते आम्हाला माहीत नाही. तिची सजा तिनं भोगली. माहीत नसलेलं काहीतरी तिच्या नावावर सांगून मला तुमच्या घरी यायचं नाही."

मुलानं खाली पाहिलं. त्यावेळी तो एक शब्द बोलला असता तर पुढचं काय झालं असतं, कोण जाणे. तो बोलला नाही.

"मग कसं व्हायचं?" चुलते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आमाला तर कळाय पायजे."

"मग नाही व्हायचं."

"शिकलेली हाय," चुलती त्यांना म्हणाली, जणू चूक कुठं झाली ते तिला सापडलं होतं.

आबा उठले. त्यांनी हात जोडले. "पाटील, ती मधली तुळई महिनाभरात बदला. वाळवी लागलीय. खाली कुणाला झोपू देऊ नका."

गाडीत गर्दी होती. आबांना खिडकीजवळ जागा मिळाली, मी कडेला. आडूळ मागं पडलं.

"मुलगा चांगला होता," आबा म्हणाले.

"होता," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिला तास सातवीचा होता. मी वेळेवर गेले. बाई स्टाफरूममध्ये होत्या, पाचोडचं त्यांच्या कानावर आलेलं असावं. त्यांनी पाठ फिरवली, आणि मी हजेरी घ्यायला वर्गाकडं निघाले.